माऊस काढून ठेवा आणि तुमची साइट चालवून दाखवा

कळदाबू | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी,

पतसंस्था, शाळा, वाचनालयं असल्या गिऱ्हाइकांच्या साइट बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. जुनी साइट दुरुस्तीला आली की आधी माऊस उपटून ठेवतो आणि नुसत्या कीबोर्डवर ती चालवून बघतो. तुम्हीही आत्ता करून बघा. तुमची, ऑफिसची, सोसायटीची, कुठलीही साइट उघडा, एफ५ दाबून पान ताजं करा आणि टॅब दाबत जा. टॅबने पुढची लिंक, शिफ्ट धरून टॅब दाबलं की मागची, एंटरने लिंक उघडते, आल्ट आणि डावा बाण दाबला की मागच्या पानावर. वेगळं काही बसवावं लागत नाही.

बघायचं एवढंच की आपण पानावर कुठे आहोत ते डोळ्यांना दिसतंय का, ज्यावर ज्यावर क्लिक करता येतं तिथे तिथे टॅबने पोचता येतंय का, आणि पोचल्यावर एंटर चालतंय का.

माझ्याकडे येणाऱ्या साइटींत आजार तेच ते असतात. सगळ्यात मोठा म्हणजे लिंकचं सोंग घेतलेला डिव्ह (पानात मजकूर ठेवायचा साधा डबा). निळा, अधोरेखित, माऊस वर नेला की हाताचा पंजाही येतो. आत बघावं तर साधा डिव्ह नाहीतर स्पॅन, त्याला ऑनक्लिक (क्लिक झालं की काय करायचं ती सूचना) चिकटवलेलं. ब्राउझरच्या लेखी तो नुसता मजकूर, त्यामुळे टॅब त्याला ओलांडून सरळ पुढे जातो. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे एचरेफ (लिंक कुठे जाते तो पत्ता) नसलेला ए टॅग. टॅग लिंकचाच आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण एचरेफ नाही म्हणजे ब्राउझर त्याला लिंक मानत नाही आणि टॅब तिथेही थांबत नाही.

दुसरा आजार सीएसएसमधल्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधल्या) 'आउटलाइन: नन' या ओळीचा. टॅब जिथे आहे त्याभोवतीची चौकट ती काढून टाकते. टॅब बरोबर फिरत असतो, पण कुठे आहे ते दिसत नाही. तिसरा, फक्त माऊस वर नेल्यावर उघडणारे मेनू. 'आमच्याविषयी' खाली सात पानं लपलेली आणि कीबोर्डवाल्याला त्यांचा पत्ताच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. एचरेफवाला खरा ए टॅग वापरला की टॅब, एंटर, कंट्रोल-एंटरने नव्या टॅबात उघडणं, उजव्या क्लिकने पत्ता कॉपी करणं, सगळं ब्राउझर फुकटात देतो. आपण ते आधी मोडतो आणि मग जावास्क्रिप्टने परत जोडत बसतो, तेही अर्धवट.

आपापल्या साइट तपासा आणि काय सापडलं ते इथे लिहा. साइटचं नाव नको, आजार सांगा.

---

शंकासुर | सोमवार, रात्री १०:०५

लेख ठीक. पण सगळं जग मोबाईलवर अंगठ्याने स्क्रोल करतंय आणि तुम्ही टॅब दाबायला सांगताय. माऊसशिवाय साइट वापरणारे असे कितीक असतील? गिऱ्हाईक पैसे मोजतं ते दिसतं त्याचे. न दिसणाऱ्या कामाचं बिल कोण देणार?

(हलके घ्या.)

---

कोडग्या | सोमवार, रात्री १०:१२

रुमाल टाकून ठेवतो. उद्या सविस्तर भांडतो.

---

निवृत्त लघुलेखक | मंगळवार, सकाळी ६:५०

शंकासुर, किती असतील ते मला माहीत नाही, एक मी आहे.

कोर्टात लघुलेखक होतो. टंकनाचा हात अजून आहे, मराठी-इंग्रजी दोन्ही. पण पार्किन्सन्समुळे उजवा हात थरथरतो. की दाबायला अडचण नाही, कारण बोट एकदा कीवर टेकलं की टेकलं. माऊसचा बाण मात्र एका जागी ठरत नाही. छोट्या लिंकवर नेईपर्यंत शेजारचंच काहीतरी उघडतं.

मागे एका वित्तसंस्थेच्या साइटवर ठेवीचा व्याजदाखला काढायचा होता. लॉगिन कीबोर्डवर नीट झालं. आत गेल्यावर डावीकडे यादी, तीत 'दाखले' असं लिहिलेलं. टॅब दाबत गेलो. वरची चिन्हं झाली, मधली जाहिरात झाली, पार तळाच्या 'गोपनीयता धोरणा'पर्यंत पोचलो, 'दाखले' काही लागलं नाही. शेवटी माऊस कीज चालू केल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विंडोजमध्ये डावं आल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबलं की आकड्यांच्या कळींनी बाण सरकवता येतो आणि ५ दाबला की क्लिक होतं. चालतं, पण मुंगीच्या पावलांनी. बाण 'दाखले'पर्यंत नेईतो साइटने वेळ संपली म्हणून मला बाहेर काढलं.

हा कळदाबूंचा सोंगाड्या डिव्हच असणार ना?

---

कळदाबू | मंगळवार, सकाळी ८:३०

काका, शंभर टक्के तोच. यादीतली बाकीची नावंही टॅबने लागली नसतील.

शंकासुर, बिलाचं म्हणाल तर मी गिऱ्हाइकाला दुसरा मुद्दा सांगतो, तो लगेच पटतो. गूगलचा रोबॉटही माऊस वापरत नाही. गूगलने स्वतःच्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की त्यांना खात्रीने वाचता येते ती एचरेफवाली ए लिंकच. डिव्हवर ऑनक्लिक लावून आतली पानं जोडली असतील तर ती शोधात येण्याची हमी नाही. 'साइट गूगलवर दिसत नाही' म्हणून रडणारा माणूस या कामाचे पैसे न कुरकुरता देतो.

आणि मोबाईलचं म्हणाल, तर मोबाईललाही ब्लूटूथ कीबोर्ड जोडतात. ज्यांना हात अजिबात हलवता येत नाही ते एका-दोन बटणांचा स्विच जोडून फोन चालवतात, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत त्याची सोय आहे. साइट टॅबवर धड चालली तर तिथेही तिचं बरं चालतं.

---

शब्दवेल | मंगळवार, सकाळी ११:१५

मी पूर्ण अंध आहे, एनव्हीडीएवर काम करते. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पडद्यावरचं वाचून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी सुरू केलेलं.)

एक गोष्ट इथे स्पष्ट व्हायला हवी, कारण 'कीबोर्डवाले म्हणजे अंध' असं डेव्हलपर धरून चालतात. लघुलेखक काकांची अडचण आणि माझी अडचण एक नाही. मी टॅब फार कमी वापरते. के दाबलं की पुढची लिंक, एच दाबलं की पुढचं शीर्षक, इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी. आणि गंमत अशी की डिव्हला ऑनक्लिक लावलेलं असेल तर एनव्हीडीए मला तिथे 'क्लिकेबल' असं सांगतं, मी एंटर दाबते आणि बहुतेक वेळा ते उघडतं. लिंकांच्या यादीत ते येत नाही, के दाबून सापडत नाही, पण ओळीओळीने वाचत गेलं तर पोचता येतं. काकांना डोळ्यांनी दिसतंय तरी पोचता येत नाही. म्हणून 'आम्ही स्क्रीन रीडरवर तपासलं, चाललं' असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा, आता स्क्रीन रीडर बंद करून टॅब दाबा.

माझं दुखणं लिंकच्या मजकुराचं. लिंकांची यादी उघडावी तर 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, पुढे वाचा, पुढे वाचा, पीडीएफ, पीडीएफ'. जाहिरात कसली, निकाल कसला, काही कळत नाही. 'येथे क्लिक करा' ऐवजी 'लिपिक पदाची निवड यादी, पीडीएफ' एवढं लिहिलं तर काय बिघडतं?

आणि अजून एक. पान मराठी असेल तर एचटीएमएल टॅगवर लँग (पानाची भाषा) म्हणून एमआर, म्हणजे मराठी, लिहा हो. साइटचा साचा इंग्रजीतून उचललेला असतो आणि तिथे ईएन तसंच राहतं. मग वाचणारा आवाज मराठी मजकूर इंग्रजीच्या नियमांनी वाचायला जातो आणि जे ऐकू येतं ते तुम्हाला ऐकवायला हवं एकदा.

---

फराळवाली | मंगळवार, दुपारी १:०२

शब्दवेल ताई, लँगचं आत्ताच बघितलं. ईएन आहे. आमचा ऑनलाइन दिवाळी अंक आहे, गेली काही वर्षं चालवतोय. आज बदलते.

टॅबही दाबून बघितलं. अनुक्रमणिकेच्या पानावर प्रत्येक लेखाचं एक कार्ड आहे: वर चित्र, मग शीर्षक, मग लेखकाचं नाव, खाली 'पुढे वाचा'. चित्रावरही लिंक, शीर्षकावरही, 'पुढे वाचा'वरही. तिन्ही एकाच लेखाकडे जातात. चाळीस लेख, म्हणजे शेवटच्या कवितेपर्यंत जायला एकशेवीस टॅब! बिचारे कवी आधीच शेवटी असतात.

पूर्ण कार्डच क्लिक होणारं करायचं म्हटलं तर डिव्हला ऑनक्लिक लावावं लागेल ना? मग तुमचा तो सोंगाड्या होणार.

---

कळदाबू | मंगळवार, दुपारी २:२०

ताई, नाही लावावं लागत. लिंक एकच ठेवा, शीर्षकावर. कार्डला पोझिशन रिलेटिव्ह द्या. शीर्षकातल्या लिंकला आफ्टर हा सीएसएसचा उपघटक लावा, त्याला पोझिशन ॲब्सोल्यूट आणि चारही बाजूंनी शून्य द्या. लिंकचा अदृश्य पापुद्रा पूर्ण कार्डभर पसरतो. माऊसवाला कुठेही क्लिक करो, शीर्षकाचीच लिंक उघडते. कीबोर्डला एका लेखामागे एकच थांबा, आणि शब्दवेल ताईंना 'पुढे वाचा'ऐवजी लेखाचं नाव ऐकू येतं. चित्र नुसतं शोभेचं असेल तर त्याचं आल्ट (चित्राऐवजी वाचला जाणारा मजकूर) रिकामं ठेवा (ठेवायचं, पण रिकामं. काढून टाकायचं नाही). 'पुढे वाचा' हवंच असेल तर साधा मजकूर म्हणून राहू द्या.

तोटा एकच: त्या पापुद्र्यामुळे कार्डावरचा मजकूर माऊसने निवडता येत नाही. अनुक्रमणिकेत ते चालून जातं.

---

रंगारी | मंगळवार, दुपारी ३:४५

डिझायनरांच्या वतीने एक बाजू. आउटलाइन आम्ही मजा म्हणून काढत नाही. गिऱ्हाईक बटण दाबतं, त्याभोवती निळी चौकट उमटते, आणि फोन येतो: 'अहो, ते निळं काय आलंय, काढा ते.' दहा जणांना समजावलं, अकराव्याला समजावायचा कंटाळा आला.

---

कोडग्या | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

आलो. रंगारी, तुमचं दुखणं खरं होतं, पण त्यावर औषध येऊन काही वर्षं झाली. फोकस-व्हिजिबल (फोकस म्हणजे टॅब आत्ता पानावर जिथे आहे ती जागा). माऊसने बटण दाबलं तर चौकट नाही, टॅबने पोचलं तर चौकट. कधी दाखवायची ते ब्राउझर स्वतः ठरवतो. क्रोममध्ये २०२० ला आलं, फायरफॉक्समध्ये २०२१ ला, सफारीने २०२२ ला शेवटी एकदाचं घेतलं. आता ब्राउझरची मूळ चौकटसुद्धा याच नियमाने उमटते. म्हणजे 'आउटलाइन: नन' नुसतं खोडून टाकलं तरी गिऱ्हाइकाचा फोन येणार नाही.

ही ओळ इतकी पसरली कशी त्याचाही इतिहास आहे. २००७-०८ च्या सुमारास सीएसएसतज्ज्ञ एरिक मेयर यांचं रीसेट सीएसएस (ब्राउझरच्या मूळ शैली पुसणारी तयार फाइल) जो तो वापरायचा. त्यात फोकसची आउटलाइन शून्य केलेली होती आणि वर शेरा होता की फोकसच्या शैली स्वतः ठरवायला विसरू नका. लोकांनी ओळ उचलली, शेरा सोडला. पुढच्या आवृत्तीत मेयर यांनी ती ओळ काढून टाकली, पण तोवर ती हजारो थीममध्ये जाऊन बसली होती.

रंगारी, चौकट ब्रँडच्या रंगात करा की, कोण अडवतंय? तीन पिक्सेल जाड, दोन पिक्सेल ऑफसेट, मागच्या रंगाशी किमान ३:१ कॉन्ट्रास्ट. आउटलाइन काढून नुसती बॉक्स-शॅडो देऊ नका. विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्टमध्ये सावल्या उडतात आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच काही दिसत नाही. शॅडो हवीच असेल तर जोडीला पारदर्शक रंगाची आउटलाइन ठेवा, त्या मोडमध्ये तिला आपोआप रंग चढतो.

---

रंगारी | मंगळवार, संध्याकाळी ७:५५

पारदर्शक आउटलाइनचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

गिऱ्हाइकाचा फोन तरी येणारच, पण वेगळ्या कारणाने.

---

म्युनिककर | मंगळवार, रात्री ११:१०

माझ्याकडे मॅक आहे, सफारीवर इथलीच साइट उघडून टॅब दाबला. एकही लिंक लागली नाही, थेट शोधाच्या चौकटीत गेला. म्हणजे ही साइटच बाद का?

अवांतर: इथे जर्मनीत गेलं वर्षभर ऑफिसात यावरून पळापळ चालली आहे. युरोपचा ॲक्सेसिबिलिटी (दिव्यांगांनाही वापरता येण्याची सोय) कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला, त्याचं जर्मन रूप म्हणजे बीएफएसजी. ऑनलाइन दुकानं, बँकांच्या सेवा, तिकीट विक्री, सगळं त्यात आलं. पुण्यात बसून युरोपातल्या गिऱ्हाइकाचं दुकान बनवणाऱ्यांनाही हे आता बघावं लागणार.

---

कळदाबू | मंगळवार, रात्री ११:३२

साइटला दोष देऊ नका, सफारी मुळातच तशी येते. टॅब फक्त फॉर्मच्या चौकटींवर थांबतो. ऑप्शन धरून टॅब दाबा, लिंका लागतील. कायमचं हवं असेल तर सफारीच्या सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डखाली 'प्रेस टॅब टू हायलाइट' अशा अर्थाची खूण आहे, ती करा. मॅकवर तपासणारे अर्धे लोक इथेच फसतात आणि चांगल्या कोडची मोडतोड करतात.

---

काळा कोट | बुधवार, सकाळी ९:२०

युरोपचं निघालंच आहे तर आपल्याकडचंही सांगतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ चा. त्याखालचे नियम २०१७ चे. नियम १५ मध्ये संकेतस्थळांच्या मानकांचा उल्लेख आहे. घोळ असा होता की अधिनियमाची भाषा सक्तीची आणि नियमांतून लागू केलेली मार्गदर्शक तत्त्वं शिफारसवजा. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं. नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि न टाळता येणाऱ्या किमान अटी वेगळ्या काढून सक्तीच्या करा, असं केंद्राला सांगितलं.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून प्रकरणाचा निकाल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना ई-केवायसीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवता येत नव्हती, त्याच्या जोडीला दृष्टिबाधित याचिकाकर्त्याचं प्रकरण होतं. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले.

सरकारी साइटींसाठी जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शिका आहे, तिची तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजी (वेब ॲक्सेसिबिलिटीची आंतरराष्ट्रीय मानकं) २.१ च्या एए या मधल्या पातळीला धरून आहे. खाजगी कंपन्यांना वाटतं आपल्याला काय त्याचं. अधिनियमातलं कलम ४६ सेवा देणाऱ्या खाजगी आस्थापनांनाही लागू आहे, ते त्यांच्या वकिलांनी त्यांना सांगायला हवं.

---

शंकासुर | बुधवार, सकाळी ९:५०

कायदा आहे म्हणून केलेलं काम कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. साइटच्या कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं बटण म्हणून तो निळा गोल माणूस चिकटवतात, दाबला की अक्षरं मोठी होतात, झाली साइट ॲक्सेसिबल. पुढच्या महिन्यात लेखापरीक्षण पास.

---

कोडग्या | बुधवार, सकाळी १०:०५

या एका बाबतीत शंकासुरांशी सहमत. अक्षरं मोठी करायला ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिक आहेच. तो गोल माणूस सोंगाड्या डिव्हची खरी लिंक करू शकत नाही. एका साइटवर तर त्या गोल माणसापर्यंतच टॅबने जाता येत नव्हतं.

---

नवखा_विकासक | बुधवार, दुपारी १२:४०

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. काल धागा वाचून कामाला लागलो. आमच्या साइटवर टॅब उलटसुलट उड्या मारत होता, म्हणून प्रत्येक लिंकला टॅबइंडेक्स (टॅबच्या रांगेतला क्रम) १, २, ३ असे क्रमांक दिले. आता क्रम बरोबर येतो. हे ठीक आहे ना? आणि रिॲक्टमध्ये (जावास्क्रिप्टची साइट बनवायची चौकट) मेनूतले डिव्ह होते, त्यांना टॅबइंडेक्स ० दिलं, टॅब थांबतोय पण एंटर चालत नाही.

---

कोडग्या | बुधवार, दुपारी १:१५

अरे बाबा, क्रमांक काढ आधी. एकपासूनचे आकडे दिले की त्या लिंका अख्ख्या पानाच्या आधी येतात, बाकीचं सगळं मग. उद्या कुणी मधेच नवी लिंक घातली की पुन्हा सगळे आकडे बदल. टॅबइंडेक्सला दोनच आकडे माहीत असू देत. ० म्हणजे रांगेत घे. उणे १ म्हणजे टॅबने नको, पण जावास्क्रिप्टने फोकस नेता येऊ दे.

उड्या का मारत होता ते शोध. टॅब एचटीएमएलमधल्या क्रमाने चालतो, डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने नाही. फ्लेक्समध्ये (सीएसएसच्या मांडणीत) रो-रिव्हर्स किंवा ऑर्डर वापरून डावं उजवीकडे केलं असशील. एचटीएमएलचा क्रम सुधार.

दुसरं. टॅबइंडेक्स ० दिल्याने डिव्हवर फोकस येतो, एवढंच. एंटर दाबल्यावर क्लिक व्हायचा गुण लिंकला आणि बटणाला जन्मजात असतो, डिव्हला नसतो. आता तू कीडाऊन (कळ दाबल्यावर काय करायचं ते) लावशील, मग रोल लिंक (ही लिंक आहे असं स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) लावशील, मग कुणीतरी विचारेल कंट्रोल-एंटरने नवा टॅब का उघडत नाही. कळदाबूंनी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय तेच. राउटरचा (रिॲक्टमध्ये पानं बदलणाऱ्या भागाचा) लिंक घटक वापर, तो शेवटी खरा ए टॅगच छापतो.

लिंक कधी आणि बटण कधी, हाही गोंधळ करू नकोस. पत्ता बदलतो तिथे लिंक. याच पानावर काही उघडतं, मिटतं, जमा होतं तिथे बटण. बटण एंटर आणि स्पेस दोन्हींवर चालतं, लिंक फक्त एंटरवर. लिंकवर स्पेस दाबलं की पान खाली सरकतं. म्हणून लिंकला बटणासारखं रंगवलं तर बटण समजून स्पेस दाबणारा चक्रावतो.

आणि रिॲक्ट आहे म्हणून सांगतो: पान न बदलता मजकूर बदलतो, तेव्हा फोकस जुन्या जागी लटकत राहतो. नवं पान आलं की त्याच्या मुख्य शीर्षकाला टॅबइंडेक्स उणे १ देऊन फोकस तिथे ने.

---

नवखा_विकासक | बुधवार, दुपारी १:२२

रो-रिव्हर्सच होतं! दंडवत घ्या.

---

शब्दवेल | बुधवार, दुपारी २:३०

मेनूंबद्दल कुणी बोलायला तयार नाही, म्हणून मीच विचारते. माऊस वर नेल्यावर उघडणारे मेनू कसे सुधारायचे? आमच्या संस्थेच्या साइटवर एक वेगळाच प्रकार आहे. दिसणाऱ्या सहकाऱ्याने टॅब दाबून बघितलं. तो म्हणाला, सात-आठ वेळा टॅब दाबला तरी पडद्यावर काहीच हलत नाही, आणि मग एकदम पुढचा शब्द उजळतो.

---

कळदाबू | बुधवार, दुपारी ३:१०

ताई, तो नमुना छान पकडलात. मेनू मिटलेला असताना आतल्या लिंका फक्त पारदर्शक केल्या आहेत, ओपॅसिटी शून्य करून. दिसत नाहीत, पण टॅबच्या रांगेत आहेत. सहकाऱ्याचा टॅब त्या अदृश्य लिंकांवरून चालत होता. मिटलेल्या मेनूला जोडीने व्हिजिबिलिटी हिडन द्यायला सांगा, म्हणजे त्या रांगेतून बाहेर पडतील. डिस्प्ले नन केलेल्यांचं उलटं असतं, त्या मिटलेल्या असताना रांगेत नसतात आणि टॅबने उघडतही नाहीत.

उघडण्याची सोय दोन तऱ्हांनी करता येते. फोकस-विदिन (आत कुठेही फोकस आला की लागू होणारा सीएसएसचा नियम) वापरला तर टॅबने वरच्या शब्दावर आलं की मेनू उघडतो. काम एका ओळीत होतं, पण मग पाच मेनूंतल्या सगळ्या लिंकांवरून टॅब न्यावा लागतो. मला बरी वाटते ती दुसरी तऱ्हा. 'आमच्याविषयी' शेजारी बाणाचं खरं बटण ठेवायचं, एरिया-एक्स्पांडेडने उघडा की मिटलेला ते सांगायचं, आणि एस्केप दाबलं की मेनू मिटून फोकस परत त्या बटणावर. ज्याला आत जायचं तो एंटर दाबेल, बाकीचे पुढे जातील. एवढ्यासाठी रोल मेनू वगैरे लावत बसू नका. तो लावला की बाणाच्या कळींनी फिरता येणं अपेक्षित असतं, आणि तेवढं कोड कुणी लिहीत नाही.

आणि अर्थातच सगळ्यात वर 'थेट मजकुराकडे' अशी पहिली लिंक. ती फोकस आल्यावर दिसली तरी चालते, एरवी पडद्याबाहेर ठेवा. डिस्प्ले ननने लपवलीत तर ती टॅबलाही लागणार नाही, मग ठेवून उपयोग काय?

---

निवृत्त लघुलेखक | बुधवार, सायंकाळी ५:०५

माझ्यासारख्यांना उपयोगी पडेल म्हणून एक क्लृप्ती. पानावर शंभर लिंका असल्या की टॅब दाबत बसत नाही. कंट्रोल-एफ दाबून लिंकेतला एखादा शब्द टंकतो, सापडला की एस्केप, मग एंटर. लिंक उघडते. क्रोम, फायरफॉक्स दोन्हींत चालतं. फायरफॉक्समध्ये याहून जवळचा रस्ता आहे: एकेरी अवतरणचिन्हाची कळ दाबली की शोध फक्त लिंकांतच होतो. मात्र तेव्हा कळपाट इंग्रजीवर हवा. इन्स्क्रिप्ट या मराठी कळपाटावर असाल तर त्या कळीवर ट आहे, काही होणार नाही.

यावरून आठवलं. काही साइटी एकेका अक्षराचे शॉर्टकट देतात. कळपाट मराठीवर असला की तेही मुके होतात.

---

कोडग्या | बुधवार, सायंकाळी ५:४०

काका, ते मुके होतात कारण कोड उमटणारं अक्षर तपासतं. इन्स्क्रिप्टवर के दाबलं तर क उमटतो, कोड के शोधत बसतं. कळ दाबल्याच्या इव्हेंटमधलं 'की' (उमटणारं अक्षर) न बघता 'कोड' बघितलं तर कळीची जागा कळते, भाषा कुठलीही असो. त्याहून बरं म्हणजे एका अक्षराचे शॉर्टकट देऊच नयेत, दिले तर बंद करायची सोय द्यावी. डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये तशी अटच आहे.

मराठी साइटींचा खास आजारही सांगून टाकतो. रोमनमधून मराठी टंकायच्या काही चौकटी येणारी प्रत्येक कळ गिळतात, टॅबसुद्धा. चौकटीत शिरलं की बाहेर पडायला माऊसच लागतो. हा कीबोर्डचा सापळा, डब्ल्यूसीएजीच्या सगळ्यात खालच्या ए पातळीवरच तो बाद आहे. टॅब, एस्केप आणि फंक्शन कळींना हात लावू नका.

---

फराळवाली | गुरुवार, सकाळी १०:३०

कार्डांचं काम झालं, एकशेवीसचे चाळीस झाले. आता नवी भानगड. शिफ्ट-टॅबने मागे येताना वरच्या लिंका अंकाच्या चिकटून राहणाऱ्या पट्टीखाली जातात. फोकस आहे, पण पट्टीमागे दडलाय.

---

कळदाबू | गुरुवार, सकाळी १०:४८

एचटीएमएलला स्क्रोल-पॅडिंग-टॉप द्या, पट्टीच्या उंचीपेक्षा जरा जास्त. डब्ल्यूसीएजी २.२ (ऑक्टोबर २०२३) मध्ये यासाठी स्वतंत्र निकष आला आहे, इतका हा प्रकार सर्रास होतो. तळाला 'कुकी मान्य करा'ची पट्टी असेल तर तिच्यासाठी स्क्रोल-पॅडिंग-बॉटमही बघा.

---

शंकासुर | गुरुवार, दुपारी १२:१५

मोबाईलचं माझं मत कायम आहे. पण आमच्या सोसायटीची साइट टॅबने चालवून बघितली, म्हणून विचारतो. वर 'ताज्या सूचना' म्हणून सरकती पट्टी आहे, त्यात लिंका. टॅबने लिंकवर पोचतो, पण एंटर दाबेपर्यंत ती सरकत पडद्याबाहेर गेलेली असते. सचिव म्हणतात पट्टी पाहिजेच. काय करायचं?

---

कळदाबू | गुरुवार, दुपारी १२:४०

माऊस वर नेला की थांबते ना? बहुतेकांनी तेवढंच केलेलं असतं. तोच नियम फोकस-विदिनलाही लावा, म्हणजे आतल्या कुठल्याही लिंकवर टॅब आला की पट्टी थांबेल. पट्टी मार्की टॅगची असेल तर ती आधी सीएसएस ॲनिमेशनवर न्या, मग ॲनिमेशन-प्ले-स्टेट पॉझ्ड. शिवाय शेजारी 'थांबवा' असं खरं बटण द्या, कारण नुसतं वाचणाऱ्यालाही पळत्या ओळी नको असतात. आणि सचिवांना विचारून बघा, शेवटच्या तीन सूचना साध्या यादीत लावल्या तर चालेल का.

---

शंकासुर | गुरुवार, दुपारी १२:५२

विचारलं. 'पट्टी सरकली नाही तर साइट चालू आहे हे लोकांना कळणार कसं?' असं उत्तर आलं. बटण लावतोय.